ओव्हाळ वकील गप्प का राहिले

१

फेब्रुवारी २००८. रविवारची सकाळ. खराडीतल्या एका नव्या सोसायटीत कल्याणी मोकाशीच्या दाराची बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई हातात वर्तमानपत्राची शहर पुरवणी घेऊन उभ्या होत्या. हे तुमच्याबद्दल नाही ना, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या सुरातच उत्तर होतं.

बातमीचा मथळा होता, ‘आयटीतल्या आईचं ते गुपित’. नाव कुठेच नव्हतं. पण खराडीतली सॉफ्टवेअर कंपनी, टीम लीडर, वय चौतीस, सात वर्षांची मुलगी, तिच्या ताब्यासाठी कौटुंबिक न्यायालयात चाललेला दावा, एवढं सगळं लिहिल्यावर नाव लिहिण्याची गरज उरत नाही. पुढे म्हटलं होतं की ही महिला बाळंतपणानंतर साताऱ्याच्या एका खाजगी मनोरुग्णालयात अकरा आठवडे होती आणि नवऱ्यानेच तिला तिथे दाखल केलं होतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्या दाव्यात तडजोड दाखल व्हायची होती. मुलगी आईकडे राहणार, शनिवार-रविवार वडिलांकडे, असं दोन्ही बाजूंनी ठरलं होतं. सह्या तेवढ्या बाकी होत्या. त्या सोमवारी कल्याणीने सही केली नाही. न्यायाधीशांच्या समोर ती नवऱ्याच्या अंगावर धावून गेली आणि हातातली पाण्याची बाटली तिने त्याच्यावर फेकली. न्यायाधीश बाई म्हणाल्या की त्यांनी बातमी वाचलेली नाही. बाटली मात्र त्यांनी पाहिली होती. मुलीचा अंतरिम ताबा त्यांनी वडिलांकडे दिला.

त्याच दुपारी वकिलांच्या खोलीत, चाळीसेक वकिलांच्या देखत, कल्याणीचे वकील अनंत गोवंडे उभे राहिले आणि समोरच्या बाजूचे वकील वैजनाथ ओव्हाळ यांना म्हणाले, “मी तुम्हाला विश्वासाने पत्र दिलं. तुम्ही ते बाजारात मांडलंत.”

ओव्हाळांनी काय उत्तर दिलं, हे पाच महिन्यांनी मी गोवंड्यांना विचारलं.

“काही नाही,” ते म्हणाले. “नमस्कार केला आणि निघून गेले.”

२

मी हेमा शाळिग्राम. एकतीस वर्षं जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. न्यायाधीश बोलायचे आणि मी लिहायचे. त्यामुळे पुण्यातल्या दोन पिढ्यांच्या वकिलांची भाषा मला पाठ आहे. एकदा एका मृत्युपत्रातल्या स्वल्पविरामांवरून ते कुणी लिहिलं हे मी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून असली कामं लोक माझ्याकडे घेऊन येतात. मानधन म्हणजे चहा.

गोवंडे जुलैमध्ये नारायण पेठेतल्या माझ्या घरी आले. त्यांना ओव्हाळांविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार करायची होती. ओव्हाळांची सनद जावी, ही त्यांची इच्छा. त्यासाठी पुरावा हवा होता, आणि बातमीतली भाषा ओव्हाळांची आहे असं मी लिहून द्यावं, असं त्यांचं म्हणणं.

मला वाईट वाटलं. या दोघांना मी तेवीस वर्षं समोरासमोर उभं राहताना पाहिलं होतं. गोवंडे सदाशिव पेठेतले, घराण्यातले तिसरे वकील. ओव्हाळ येरवड्याचे, वडिलांनी छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मुलाला शिकवायचंच असं ठरवलं. कोर्टात दोघं एकमेकांची सालटी काढायचे. पण गोवंड्यांची आई वारली तेव्हा त्यांच्या सगळ्या तारखा ओव्हाळांनी स्वतः उभं राहून पुढे घेतल्या होत्या, आणि ओव्हाळांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा गोवंड्यांनी त्यांच्या गैरहजेरीत एकही अर्ज चालवला नाही. एकमेकांना कागद आधी दाखवायचे, साक्षीदाराला विनाकारण रडवायचं नाही, आणि वर्तमानपत्राशी बोलायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. दोघं पाळत होते, एवढंच.

या दाव्यातही तेच झालं होतं. कल्याणीच्या आजारपणाची गोष्ट तिचा नवरा रोहन याला ठाऊक होती. ती दाव्यात घालू नका, असं ओव्हाळांनी रोहनला पटवलं होतं. त्याची जाण ठेवून गोवंड्यांनी ओव्हाळांना एक पत्र लिहिलं. त्यात आजारपणाची खरी हकीकत होती, कल्याणी पूर्ण बरी असल्याचं डॉक्टरांचं म्हणणं होतं आणि तडजोडीच्या अटी होत्या. हे पत्र कोर्टातच काय, कुठेही कुणालाही दाखवायचं नाही, अशी बोली होती. गुरुवारी पत्र गेलं. रविवारी बातमी आली.

“ते पत्र आता कुठे आहे?” मी विचारलं.

गोवंडे म्हणाले की वकिलांच्या खोलीतल्या त्या प्रकारानंतर दुसऱ्याच दिवशी ओव्हाळांनी ते बंद पाकिटातून परत पाठवलं. गोवंड्यांना तो उद्धटपणा वाटला. पाकीट त्यांनी उघडलंच नाही. फायलीत टाकून दिलं.

जाताना त्यांनी आणखी एक सांगितलं, फार हळू. ओव्हाळ निघाल्यावर खोलीत कुणीतरी म्हणालं होतं, “शेवटी या लोकांकडून…” पुढचं वाक्य त्याने सोडून दिलं. काही जण हसले. गोवंड्यांनी ते ऐकलं होतं आणि ते काही बोलले नव्हते. हे त्यांनी मला का सांगितलं, हे त्यांनाही नीट ठाऊक नसावं.

३

मी रोहनपासून सुरुवात केली. बातमीचा फायदा त्यालाच झाला होता. मुलगी त्याच्याकडे होती.

त्याच्या कंपनीच्या उपाहारगृहात आम्ही बसलो. आजूबाजूला गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं-मुली घाईघाईने जेवत होती. रोहन थकलेला वाटला. मुलीला रोज शाळेत सोडतो, संध्याकाळी त्याची आई सांभाळते, मुलगी झोपेत आईला हाक मारते, असं त्याने सांगितलं. कल्याणीबद्दल तो कडवट बोलला, पण खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारा माणूस वाक्यं पूर्ण करतो. याची सगळी अर्धवट राहत होती.

बातमीचं कात्रण मी पुढे सरकवलं आणि वाचायला सांगितलं. त्याने पहिल्यांदाच नीट वाचलं असावं. त्याच्या कपाळाला आठी पडली.

“हे चूक आहे,” तो म्हणाला. “अकरा आठवडे नाही, अकरा दिवस. आणि मी कसा दाखल करीन? आय वॉज इन टेक्सास. कंपनीने ऑनसाइट पाठवलं होतं. तिच्या भावाने दाखल केलं. मी बाराव्या दिवशी परत आलो, तेव्हा ती घरी होती.”

मग बातमी वाचून त्याने तेव्हाच कुणाला का सांगितलं नाही? त्यावर तो म्हणाला की कुणी विचारलंच नाही. ओव्हाळ वकिलांनी मात्र त्याच दिवशी फोन करून, “ही बातमी तुम्ही दिलीत का,” एवढंच विचारलं होतं. याने नाही म्हटलं. त्यावर ते म्हणाले, “मला खात्री करून घ्यायची होती.”

मी बसने परत येताना विचार करत होते. वर्तमानपत्रात एक चूक असणं ही रोजची गोष्ट आहे. पण इथे दोन होत्या, आणि दोन्ही अशा, की नवऱ्याने त्या करणं शक्य नव्हतं. स्वतः त्या वेळी अमेरिकेत होता हे कुणी विसरत नाही.

बातमी ज्याने दिली, त्याला हकीकत अर्धवट ठाऊक होती. म्हणजे तो माणूस रोहनच्या घरातला नव्हता.

४

बातमीवर वार्ताहराचं नाव होतं, अभय. चुणचुणीत, तिशीच्या आतला. माहिती कुणी दिली हे सांगणार नाही, असं त्याने मी खुर्चीत बसायच्या आतच सांगून टाकलं. मी म्हटलं, मला ते नकोच आहे. विवाहाच्या दाव्यातली हकीकत कोर्टाच्या परवानगीवाचून छापणं हा गुन्हा आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं का? नाव नव्हतं ना, तो म्हणाला. पण म्हणताना कात्रणाकडे पाहत नव्हता.

हळूहळू तो बोलू लागला. त्याने लिहिलेली बातमी वेगळी होती म्हणे. आजारातून उठून मुलीला एकटीने वाढवणारी आई, आणि तोच आजार तिच्याविरुद्ध वापरायला निघालेला नवरा, अशी. संपादकीय टेबलवर ती अर्धी कापली गेली. सहानुभूतीचा भाग गेला, मथळा बदलला. उरला तो फक्त आजार.

“दुसऱ्या बाजूला विचारलं होतं का?”

विचारलं होतं. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता त्याने ओव्हाळांना फोन केला होता. ओव्हाळांनी मजकूर वाचून दाखवायला सांगितलं. अकरा आठवडे, हे शब्द आले तसे त्यांनी त्याला थांबवलं आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग नवऱ्याने दाखल केलं, हेही पुन्हा. त्यानंतर ते बराच वेळ गप्प होते. फोन तुटला की काय, असं अभयला वाटलं.

“मग म्हणाले, हे छापू नका. गुन्हा आहे म्हणून नव्हे. एका बाईचं आयुष्य आहे म्हणून.” अभय थांबला. “त्यांनी संपादकांनाही फोन केला होता. दोनदा. पण तोवर पान छपाईला गेलं होतं.”

बातमी पेरणारा माणूस ती थांबवण्यासाठी संपादकांना दोनदा फोन करत नाही. ओव्हाळांनी काही केलेलं नव्हतं. पण त्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, फोनवरच्या त्या शांततेत, त्यांना काहीतरी कळलं होतं. आणि ते त्यांनी पाच महिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

५

गोवंड्यांच्या कचेरीत मी दुपारी गेले. ते कोर्टात होते. त्यांचा जुना कारकून कचरू तेवढा होता. पुण्याजवळच्या मांजरी गावाकडचा माणूस, तीस वर्षं त्यांच्याकडे. मी गोवंड्यांना फोन करून फायलीतलं ते पाकीट उघडण्याची परवानगी मागितली. त्यांनी नाखुशीने दिली.

आत तेच पत्र होतं, गोवंड्यांच्या सहीचं. गोवंडे पत्रव्यवहार हट्टाने मराठीत करतात. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, अकरा दिवस. आणि पुढच्या ओळीत, त्यांच्या भावाने दाखल केले होते.

ओव्हाळांकडे बरोबर मजकूर होता. बातमीत चुकीचा. हे पत्र ओव्हाळांनी कुणालाही दाखवलं असतं, तर त्यांच्यावरचा आरोप त्याच मिनिटाला गळून पडला असता. पण कुणालाही दाखवायचं नाही, अशी बोली होती. म्हणून ते त्यांनी एकाच माणसाला दाखवायचा प्रयत्न केला, ज्याने ते लिहिलं होतं त्याला. आणि त्या माणसाने पाकीट उघडलं नाही.

मी कचरूला विचारलं, त्या गुरुवारी काय झालं होतं?

“पत्र दोनदा निघालं बघा,” तो म्हणाला. “सकाळी साहेबांनी तोंडी सांगितलं, अक्षताताईंनी कॉम्पुटरवर घेतलं. दुपारी त्या मोकाशीबाई आल्या, वाचलं, म्हनल्या ह्यात दोन गोष्टी चुकल्यात. साहेबांनी लगेच तो कागद फाडला, माझ्याम्होरं. बारीक तुकडं. मग दुसरं काढलं, सही केली, आन् मीच येरवड्याला नेऊन दिलं.”

पहिला मजकूर दोन तासांपुरता या खोलीत होता. गोवंड्यांनी आठवणीतून सांगितलेला, म्हणून चुकलेला. कागद फाटला, त्यावर कल्याणीने दुरुस्ती केल्यावर लगेच. म्हणजे बातमी कागदावरून गेलीच नव्हती. ती त्याआधी गेली होती, यंत्रातून.

त्या यंत्रावर कचरू बसत नाही. गोवंड्यांना तर ते सुरूही करता येत नाही.

तेवढ्यात कोर्टातून अक्षता आली. गोवंड्यांची मुलगी, सनद मिळून दोन वर्षं झालेली. खांद्यावरचा काळा कोट तिने खुर्चीवर टाकला, टेबलावरचं उघडं पाकीट पाहिलं, आणि ती उभीच राहिली.

६

मी कचरूला चहा सांगायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं. मला जे कळलं ते मी तिला क्रमाने सांगितलं. दोन चुका, फाडलेला कागद, दोन तास. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही.

“तुझ्या बाबांना मी संध्याकाळी सांगणार आहे,” मी म्हटलं. “त्याआधी तू सांगितलंस तर बरं.”

ती खाली बसली. रडली नाही. वकिलाची मुलगी होती. आधी बाजू मांडली.

तिला बाबांची ही पद्धत कधीच पटली नव्हती. आपल्या अशिलाचं सगळ्यात मोठं वर्म उचलून समोरच्या वकिलाच्या हातात द्यायचं, आणि त्याला सौजन्य म्हणायचं? ओव्हाळकाका चांगले असतील, पण ते पैलवान दुसऱ्या आखाड्याचे. उद्या तडजोड फिसकटली तर ते पत्र भर कोर्टात निघेल, असं तिला पक्कं वाटत होतं. ते बोलायच्या आत आपणच बोलावं, आपल्या पद्धतीने, सहानुभूतीने. आणि एकदा लोक कल्याणीच्या बाजूने झाले की मग कुणाची हिंमत होणार नाही. अभय तिच्या कॉलेजातला. गुरुवारी दुपारी बारा वाजता तिने त्याला पत्राचा मसुदा मेल केला. फक्त माहितीसाठी, छापण्याआधी मला दाखव, असं लिहून. त्याने दाखवलं नाही. शनिवारी दुपारी त्याने तिला फोन केला होता. ती नातेवाइकांच्या लग्नात होती, फोन पर्समध्ये होता.

“आणि आपलंही नाव झालं असतं, असं वाटलं का गं थोडं?” मी विचारलं.

तिने टेबलावरचं पाकीट सरळ करून ठेवलं. मग म्हणाली, “वाटलं. खोटं कशाला बोलू. हल्ली ज्यांची नावं छापून येतात, त्यांच्याकडेच लोक जातात.”

सोमवारी बाबा ओव्हाळकाकांवर ओरडत होते तेव्हा ती त्याच खोलीत, दाराशी उभी होती. ओव्हाळ जाताना तिच्या शेजारून गेले. तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. त्या नजरेवरून तिला कळलं की त्यांना ठाऊक आहे. पहिल्या दिवशी तिला वाटलं, उद्या सांगू. मग परवा. मग महिना झाला, आणि मग सांगणं अशक्य झालं.

संध्याकाळी तिने वडिलांना सांगितलं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. वीस मिनिटांनी गोवंडे बाहेर आले आणि मला म्हणाले की उद्या सकाळी ओव्हाळांकडे जायचं आहे, तुम्ही बरोबर याल का? एकट्याने जाण्याचं धैर्य मला नाही, असंही म्हणाले.

७

ओव्हाळांनी येरवड्यातली कचेरी एप्रिलमध्येच बंद केली होती. वकिलांच्या खोलीत कुणी शेजारी बसेना, साधी तारीख मागितली तरी समोरचे अडवायचे. शेवटी त्यांनी उरलेल्या फायली एका मित्राला दिल्या आणि ते मांजरीला मुलाच्या घरी राहायला गेले. उसाच्या शेतांना लागून उभ्या राहिलेल्या एका नव्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. त्यांनी स्वतः दार उघडलं. आम्हा तिघांना पाहून ते क्षणभर थांबले, मग म्हणाले, “या. चपला आतच काढा, बाहेर कुत्री नेतात.”

गोवंडे बसलेच नाहीत. ते उभ्यानेच म्हणाले की मी चुकलो, भर खोलीत चुकलो, त्याच खोलीत उभा राहून माफी मागणार आहे. अक्षताने त्यांच्या पायाशी वाकायचा प्रयत्न केला. ओव्हाळांनी तिला खांद्याला धरून उठवलं.

मग ते सांगू लागले. अभयने फोनवर वाचून दाखवलं तेव्हा चुका ऐकून त्यांना कळलं की हे आपल्याकडच्या पत्रातलं नाही. म्हणजे गोवंड्यांच्या कचेरीतून गेलंय. गोवंडे असं करणार नाहीत, कचरूला इंग्रजी अक्षरही येत नाही, तो मेल कुठून करणार? उरली मुलगी. तिने घेतलेला पहिला उलटतपास त्यांच्याच समोर झाला होता, आणि ती अडखळली तेव्हा त्यांनी मुद्दाम हरकत घेतली नव्हती. दोन वर्षांची सनद. हे बाहेर आलं तर ती कायमची जाणार.

“आणि पत्र दाखवायचं नाही, असा शब्द दिला होता,” ते म्हणाले. “म्हणून परत पाठवलं. तुम्ही वाचाल, तुम्हाला कळेल, मग घरातलं तुम्ही घरात बघाल, असं वाटलं.”

गोवंडे खाली बसले.

“तुमच्या ओरडण्याचं मला फार वाटलं नाही, गोवंडेसाहेब,” ओव्हाळ पुढे म्हणाले. “अशिलासाठी माणूस ओरडतो. मी दारापर्यंत पोचलो तेव्हा मागे कुणीतरी एक वाक्य अर्धं सोडलं. ते तुमचं नव्हतं. पण खोलीत तुम्ही होता.”

“होतो,” गोवंडे म्हणाले.

मला तिथेच गप्प राहायला हवं होतं कदाचित. पण एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलंय. निवृत्तीनंतर तरी बोलावं म्हटलं. मी ओव्हाळांना विचारलं की कल्याणीचं काय? पाच महिने ती समजतेय की नवऱ्याने तिला बाजारात उभं केलं. म्हणून तिने तडजोड मोडली, म्हणून बाटली फेकली, म्हणून मुलगी गेली. बातमी त्याने दिली नाही, एवढं एक वाक्य तिच्यापर्यंत पोचलं असतं तर? नाव कुणाचंही घ्यायची गरज नव्हती.

ओव्हाळ खिडकीकडे पाहत राहिले. खाली रस्त्यावरून ट्रॅक्टरची ट्रॉली जात होती.

“तुम्ही म्हणता ते खरं आहे, हेमाताई,” ते शेवटी म्हणाले. “मी तीन वकिलांचा विचार केला. अशील माझ्या डोक्यातच आलं नाही.”

८

अक्षताने बार कौन्सिलला स्वतःहून लेखी कळवलं. गोवंड्यांनी वकिलांच्या खोलीत उभं राहून माफी मागितली, आणि त्या अर्धवट वाक्याबद्दलही बोलले. तेव्हा म्हणे बरेच जण चहा घ्यायला उठले. अक्षताची सनद वर्षभर थांबवली गेली.

पण त्याआधी कल्याणीला सांगायचं होतं. कंपनीने तिला प्रकल्पावरून काढून नुसतं बसवून ठेवलं, तेव्हा तिने राजीनामा दिला होता आणि ती साताऱ्याला भावाकडे राहत होती. आम्ही चौघंही गेलो. ओव्हाळ मी येतो म्हणाले. नको म्हणण्याचा अधिकार आम्हाला नव्हता.

तिने सगळं ऐकून घेतलं. अक्षताचं, मग गोवंड्यांचं, मग ओव्हाळांचं. कोण कुणासाठी गप्प राहिलं आणि कुणी कुणाचा शब्द पाळला, हे ऐकताना तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. परक्या घरातल्या कुळाचाराची माहिती ऐकावी तशी ती ऐकत होती. संपल्यावर तिने विचारलं, “तुम्ही सगळे इतके सभ्य आहात. मग मला कुणी का नाही विचारलं? पत्र द्यायच्या आधी, छापायच्या आधी, गप्प बसायच्या आधी. एकदा तरी.”

गोवंडे म्हणाले, पत्र तर तुम्हाला वाचायला दिलं होतं.

“वाचायला दिलं होतं,” ती म्हणाली. “चुका काढायला. द्यायचं की नाही, हे नव्हतं विचारलं.”

तिने आम्हाला जेवून जायला सांगितलं. आम्ही जेवलो नाही.

रोहनला फोन तिने स्वतःच केला. बातमी तू दिली नाहीस हे मला आज कळलं, असं म्हणाली. तो तिकडे रडला, असं तिने नंतर मला सांगितलं. ऑगस्टअखेर दोघं पुन्हा न्यायाधीशांसमोर बसले. अटी जवळजवळ त्याच होत्या, फक्त उलट्या. मुलगी आता वडिलांकडच्या शाळेत रुळली होती, तिला तिथे मैत्रिणी मिळाल्या होत्या, आणि न्यायाधीश बाईंनी तिला आत बोलावून विचारलं तेव्हा तिने आजीकडे राहते म्हणून सांगितलं. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार आईकडे. कल्याणीने कागद दोनदा वाचला आणि सही केली. पुण्यात दुसरी नोकरी शोधायची होती, भाड्याचं घर बघायचं होतं.

ओव्हाळ त्या एका दिवसापुरते कोट घालून आले होते. गोवंड्यांनी त्यांना पुन्हा प्रॅक्टिस सुरू करा म्हणून बरंच विनवलं. ते नाही म्हणाले. राग नाही, पण आता सकाळी त्या खोलीत जावंसं वाटत नाही, असं म्हणाले.

तो शुक्रवार होता. व्हरांड्यात मुलगी दप्तर सांभाळत उभी होती. कल्याणी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिने विचारलं, “आज माझ्याकडे यायचं, की पुढच्या शुक्रवारी? तुला वाटेल ते.”

मुलीने आधी बाबांकडे पाहिलं, मग आईकडे. मैत्रिणीचा उद्या वाढदिवस आहे, ती म्हणाली. पुढच्या शुक्रवारी येईन.

“चालेल,” कल्याणी म्हणाली. तिने मुलीच्या दप्तराचा पट्टा नीट केला, आणि बापलेक जिना उतरून जाईपर्यंत ती तिथेच बसून राहिली.